पाम बघायचे तर आधी टेकडी चढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत उपनगरातल्या टेकड्या आणि पामच्या रस्त्यांवर लेख आला होता, लेख चांगलाय, फोटो तर मस्तच, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. लेखात सांगितलंय की आधी पामच्या रस्त्याने गाडी हळू हळू न्या, फोटो काढा, मग वर व्ह्यू पॉइंटला जाऊन सूर्यास्त बघा आणि परत फिरा. माझ्या मते हा क्रम पार उलटा पाहिजे. आधी टेकडी, मग पाम, आणि जमेल तितकं पायी.

कारण असं की पाम खालून बघितला तर नुसता खांब दिसतो. मेक्सिकन फॅन पाम वीस-पंचवीस मीटर सहज जातो, त्याच्याखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी एक काळा झुबका आणि मागे डोळ्यावर येणारं ऊन, बस. झाडाचं जे काही चाललेलं असतं ते सगळं शेंड्यात, नवीन पान तिथेच, बहुतेकांचा फुलोरा तिथेच, पक्षी तिथेच. टेकडीच्या उतारावर थोडं वर गेलं की हेच शेंडे डोळ्यांसमोर येतात आणि मग कळतं की आपण ज्याला सरसकट पाम म्हणतो त्यात किती प्रकार आहेत. नारळासारखी पिसांची पानं वेगळी, ताडासारखी पंख्याची वेगळी, भेर्ली माडाची पानं तर माशाच्या शेपटीसारखी कातरलेली, आणि मादागास्करचा बिस्मार्क पाम असला तर त्याचा निळसर चंदेरी गोल हिरव्या गर्दीत लांबून ओळखता येतो. रस्त्यावरून हाच बिस्मार्क धुळीने माखलेला वाटतो. फॉक्सटेल पाम आज कुठल्याही नव्या कॉलनीच्या गेटपाशी दिसतो ना, तो ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधला, आणि त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट 1983 साली! आणि हो, लेखातल्या तिसऱ्या फोटोत जो उघडलेल्या पंख्यासारखा सपाट दिसतोय तो ट्रॅव्हलर्स पाम मुळात पाम नाहीच, तो बर्ड ऑफ पॅराडाइज या फुलझाडाच्या कुळातला आहे. एवढं तरी छापायच्या आधी बघायला हवं होतं.

वरून बघायचा दुसरा फायदा म्हणजे झाडाची तब्येत. नारळ, रॉयल पाम अशा एका खोडाच्या पामला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेलं, बाजूने नवीन फांदी वगैरे काही फुटत नाही. सोंड्या भुंग्याची अळी खोड आतून पोखरते आणि बाहेरून बराच काळ काही कळत नाही, मग एक दिवस सगळा शेंडा मोडक्या छत्रीसारखा खाली लोंबतो. हा किडा मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला, खजुराच्या रोपांच्या ने-आणीतून पश्चिमेकडे गेला आणि भूमध्य समुद्राकाठच्या शहरांमधले शोभेचे पाम त्याने झपाट्याने संपवले. गेंडा भुंग्याचं काम वेगळं, तो कोवळं पान कोंबात असतानाच कुरतडतो आणि ते उघडलं की कात्रीने त्रिकोणी तुकडे काढल्यासारखं दिसतं. या दोन्ही खुणा टेकडीवरून साध्या डोळ्यांनी दिसतात, खाली रस्त्यावर रोज जाणाऱ्याला नाही दिसत. म्हणजे सकाळी फिरायला जाणारी मंडळी चांगल्या राखणदाराचं काम करू शकतात, फक्त कुठे बघायचं ते कुणी सांगितलं पाहिजे.

छाटणीचंही तेच. पाम नीटनेटका दिसावा म्हणून हिरवी पानंसुद्धा साफ कापून वर चार-पाच पानांची शेंडी ठेवायची अशी एक फॅशन आहे, खालून ते टापटीप वाटत असेल पण झाड त्याने अशक्त होतं. जुन्या पानातलं पोटॅश वगैरे झाड स्वतः नव्या पानाकडे नेत असतं, ते पान हिरवं असतानाच कापलं की ती शिदोरीच गेली. शेंड्यातून जमिनीला समांतर आडवी रेषा धरली तर तिच्या वरची हिरवी पानं राहू द्यावीत, सुकलेली काढावीत, एवढं साधं आहे. खोडाला खिळ्यांचे बूट घालून चढणं तर बंदच करायला हवं, पामच्या खोडाची जखम भरून येत नाही, ते भोक जन्मभर तसंच राहतं. आणि एकाच करवतीने आजारी झाड कापून पुढच्या निरोगी झाडाला लावली की कॅनरी खजुरावर, म्हणजे कॅनरी बेटांवरच्या शोभेच्या खजुरावर, फ्युझेरियमची बुरशी पसरते, म्हणून अवजार प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावं लागतं. कंत्राटी छाटणीत हे किती पाळलं जातं याची मला शंकाच आहे.

आता सावलीचं बोलू, कारण लेखात 'पामच्या सावलीतून रमतगमत' असं वाक्य आहे आणि ते वाचून मला हसू आलं. एका रांगेत लावलेल्या उंच पामची सावली पडते तरी कुठे? दुपारी सोडलं तर समोरच्या भिंतीवर नाहीतर शेजारच्या छपरावर, चालणाऱ्याच्या डोक्यावर नाही. लॉस एंजेलिसचं उदाहरण सगळ्यांना माहितीय, तिथे 1931 च्या सुमारास मंदीत बेरोजगारांच्या हाताला काम म्हणून रस्तोरस्ती हजारो पाम लावले, शहराला ओळख मिळाली हे खरंच, पण ती झाडं आता म्हातारी झालीत आणि गेलेल्या पामच्या जागी सावलीचं झाड लावावं की पुन्हा पाम यावर तिथे वाद चालू असतो. पाम सावली देतच नाही असंही नाही हं. स्पेनमधल्या एल्चेच्या खजुराच्या बागा बघा, पाटाच्या कडेने चौकोनात दाट लावलेले दोन लाखांवर पाम, त्यांच्या आडोशाला खाली दुसरी पिकं, 2000 साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. पण ते दाट, चौकोनात. आपण लावतो पंधरा-पंधरा फुटांवर एक, तेही डांबरी रस्त्याच्या कडेला, आणि रॉयल पामचं तीन-चार मीटरचं जड पान कुणाच्या गाडीवर पडलं की झाडाला शिव्या घालतो. टेकडीवर जाणारा चालायचा रस्ता असेल तर त्याच्या कडेला पसरणारी, सावलीची झाडं लावा आणि पाम उताराच्या खालच्या अंगाला गटागटाने, जिथे ते वरून दिसतील. लावणाऱ्यांनी एकदा वर चढून तरी बघावं.

व्ह्यूबद्दल थोडंसंच. सगळे सूर्यास्ताला जातात म्हणून पार्किंगला जागा नसते, शिवाय सूर्य समोर असताना लांबचं सगळं धुरकट दिसतं. पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ घ्या, सूर्य पाठीमागे येईल अशी बाजू धरा, हवा धुतलेली असते आणि कडेकडेचे डोंगर स्पष्ट दिसतात. फार उंच टेकडी लागते असंही नाही. पंचवीस मीटर उंचीवरून मोकळ्या सपाटीचं क्षितिज साधारण 18 किलोमीटरवर असतं आणि शंभर मीटरवरून 36, म्हणजे चौपट चढून दुप्पटच दिसतं, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनी अर्ध्या वाटेवरच्या बाकावर बसलं तरी फारसं बिघडत नाही. उलट पामचे शेंडे तिथूनच जास्त चांगले दिसतात. वर गार वाटतं ते वाऱ्यामुळे, शंभर मीटरला तापमान जेमतेम अर्धा-पाऊण अंश उतरतं, तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली ही घ्याच.

मात्र ही अर्ध्या वाटेवरची जागाच आधी जाते. तिथे कुणाची तरी कंपाउंड वॉल येते, गेट येतं, मग वॉचमन विचारतो कुठे चाललात. शिखरावर पालिका रेलिंग आणि सेल्फी पॉइंट करते, मधली पायवाट मात्र कुणाच्याच खिजगणतीत नसते.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा पायवाट कुठून सुरू होते, गेट किती वाजता बंद होतं, वाटेत बसायला कुठे जागा आहे, झाडं कुठली आहेत हे चार ओळीत द्या, पार्किंगची माहिती कमी दिली तरी चालेल. आणि पामचा फोटो टाकायचाच असेल तर निदान एक तरी उतारावरून काढलेला टाका, खालून आभाळाकडे कॅमेरा धरून काढलेले आता पुष्कळ झाले.

आपला,
एक वाचक