आई-बाबा, हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा दादाचा फोन आला. वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा सोडून देण्याच्या हक्कसोडपत्राचा मसुदा वकिलांनी तयार ठेवलाय, येत्या पंधरवड्यात तालुक्याला दुय्यम निबंधकांकडे जाऊन सही करून टाकू, म्हणाला. त्याच्या बोलण्यात दाब नव्हता. आत्याने केली, काकींनी त्यांच्या माहेरी केली, तशी मीही करणार असं तो धरूनच चालला होता. मी हो-नाही काहीच बोलले नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही दोघं रात्रभर जागे राहिला असतात, म्हणून लिहून कळवते. आईला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा बाबा, तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

मी सही करणार नाही.

मला जमीन विकायची नाही की वाटणी मागून दादाच्या संसारात विघ्न आणायचं नाही. ऊस तोच लावेल, पाणी तोच पाजेल. सोसायटीच्या कर्जाचं ओझं त्याच्यावर आहे, हेही मला दिसतं. पण स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने कागदावरून काढायचं आणि त्याला बहिणीची माया म्हणायचं, हे मला मान्य नाही. पुण्याला जाऊन पोरीच्या डोक्यात वारं शिरलं, असं भावकीत म्हणतील. म्हणू देत. हे विचार मला आपल्याच तालुक्यात मिळाले.

कासेगाव आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. समाजशास्त्रज्ञ डॉ. गेल ऑम्वेट तिथे राहायच्या. २५ ऑगस्ट २०२१ ला त्या गेल्या तेव्हा बाबा, तुम्हीच मला फोन करून सांगितलं होतं. १९४१ साली अमेरिकेत, मिनियापोलिसला जन्मलेली ही बाई बर्कलीच्या विद्यापीठातली विद्यार्थिनी म्हणून इकडे आली. विषय घेतला तो १८७३ ते १९३० मधल्या आपल्या ब्राह्मणेतर चळवळीचा. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या सत्यशोधकी जलशांना गर्दी केली, त्यात जगाला सांगण्यासारखं काही आहे हे तेव्हा आपल्या विद्यापीठांतही फार थोड्यांना वाटत होतं. पुढे त्यांनी डॉ. भारत पाटणकरांशी लग्न केलं, कासेगावात संसार थाटला आणि १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. सासूबाई इंदूताई पाटणकर, बेचाळीसच्या लढ्यातल्या. त्या घरात चळवळ ही रोजच्या भाकरीसारखी होती.

कॉलेजात असताना मी त्यांचं लिखाण वाचायला घेतलं आणि मला आपलंच घर दिसायला लागलं. सत्ता म्हटलं की आपल्याला मंत्रालय आठवतं, फौजदार आठवतो. त्या मात्र विचारतात की जमीन कोणाच्या नावावर आहे, पाणी कोणाच्या पाटाला जातं, कष्ट कोण करतं आणि त्याचा पैसा कोणाच्या हातात पडतो, पोरीचं लग्न कोण ठरवतं आणि ते जातीतच का ठरतं. जात, वर्ग आणि बाईचं दास्य ही तिन्ही एकमेकांच्या आधाराने टिकून आहेत. एकाला हात लावायचा आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करायचा, असं चालत नाही, हे त्यांचं म्हणणं. बायकांच्या बिनमजुरीच्या राबण्याचा हिशेब कोणी मांडत नाही, यावरून त्यांनी डाव्या चळवळीतल्या आपल्याच माणसांशीही वाद घातले. आणि बाईला त्यांनी बिचारी मानलं नाही, हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या शेतमजूर बायकांच्या मोर्च्यांत आणि बैठकांत बसून त्यांनी ऐकलं, मग लिहिलं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. शेतीला खुला बाजार मिळाला की शेतकऱ्याचं भलं होईल, हा त्यांचा भरवसा मला जरा जास्तच वाटतो. टोमॅटो बांधावर ओतून देण्याची पाळी आपल्यावर आलेली आहे. पण मालमत्तेशिवाय बाईला घरात शब्द नाही, याबाबतीत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आई, तुझंच घे. पहाटे गोठ्यात कोण जातं? शेण काढायचं, वैरण टाकायची, आंबोण भिजवायचं, रेडकू सोडून म्हशीला पान्हा घालू द्यायचा, मग त्याला ओढून बांधायचं आणि धारा काढायच्या. थंडीत तुझी बोटं वळत नाहीत, तरी तू आधी कोमट पाण्याने कास धुतेस, कारण ती म्हैस दुसऱ्या कोणाच्या हाताला दूध देत नाही. बाबा किटली घेऊन डेअरीत जातात, फॅट लागते, चिठ्ठी निघते. चिठ्ठीवर नाव बाबांचं. दहा दिवसांचं बिल जमा होतं बाबांच्या खात्यावर. आणि यात्रेला निघताना तू पदराला हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहतेस, ‘जरा पैसे लागत होते.’

बाबांनी तुला कधी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. बाबा, तुमच्या चांगुलपणाबद्दल मी बोलतच नाहीये. तुम्ही आईवर कधी हात उगारला नाही, मला सायकल घेऊन दिलीत, पुण्याला शिकायला धाडलंत. गावात किती पोरींच्या वाट्याला असा बाप येतो ते मला ठाऊक आहे. तरीसुद्धा एकाने द्यायचं आणि एकीने मागायचं, ही रीत तुमच्यासारख्या भल्या माणसाच्या घरातही तशीच चालते. कारखान्याचा शेअर तुमचा, सोसायटीचं सभासदत्व तुमचं, विहिरीवरच्या मोटारीचं मीटर तुमच्या नावाचं, सातबाऱ्यावर आजोबांमागे तुम्ही आणि तुमच्यामागे दादा. उभा जन्म त्याच रानात भांगलण्यात गेला, त्या आईचं नाव यातल्या एकाही कागदावर नाही. हे आपल्याच घरात आहे असंही नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार, म्हणजे प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या, खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के निघाल्या.

आत्याचं तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. तिने सही दिली तेव्हा नव्या लुगड्याने तिची ओटी भरली होती, असं आईच सांगते. काही वर्षांत नवऱ्याने दुसरी केली आणि आत्या बोचकं घेऊन परत आली. मागच्या पडवीत राहिली. तुम्ही तिला उपाशी ठेवलं नाहीत. पण जेवताना ती शेवटी बसायची, आणि दिवाळीत नवा दिवा लावायचा तरी आधी विचारायची. जिथे जन्मली त्या घरात ती पाहुणीसारखी जगली. याच भागातल्या परित्यक्ता बायकांनी स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीत स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, राहायला जागा मागितली, कसायला जमीन मागितली. इंदूताई आणि गेलताई त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. आत्या त्यांच्या एका मोर्च्याला गेली होती म्हणून भावकीने किती बोल लावले, ते मला अजून आठवतं.

आणखी एक बोलते, कारण फक्त माझ्या वाट्याबद्दल बोलून थांबले तर ते अर्धवट होईल. आपल्या फडात दरवर्षी ऊसतोडणीची टोळी येते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम नवऱ्याच्या हातात देतो आणि बायकोची मजुरी त्यातच धरलेली असते. ती पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि पाळी आली तरी खाडा करता येत नाही. बीडकडच्या किती ऊसतोड बायकांनी तरुणपणीच गर्भाशयं काढून टाकली, हे २०१९ मध्ये गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. त्या बायका आपल्याच जिल्ह्यातला ऊस तोडतात. मी मुलगी म्हणून हक्क मागणार आणि आपल्या रानात भांगलायला येणाऱ्या बायकांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, गड्यांपेक्षा कमी ठेवणार, हे जुळत नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला. बाबा, यंदापासून आपल्या रानात दोघांना एकच हजेरी द्या. पैसे कमी पडले तर मी घालीन.

हे सगळं आपल्या मातीला परकं आहे असं तुम्ही म्हणणार नाही. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पत्री सरकारच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या, गोष्टी तुम्हीच मला सांगितल्यात. नाना पाटलांची माणसं न्यायनिवाडा करायची, बिनहुंड्याची, बिनखर्चाची गांधी विवाह पद्धतीची लग्नं लावायची, बायको टाकणाऱ्यालाही जाब विचारायची. गेलताईंनी त्या प्रतिसरकारचाही अभ्यास केला. आणि येरळा नदीवरचं बळीराजा धरण? १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेली पोरं आणि दुष्काळाने पिचलेले शेतकरी खानापूर तालुक्यात एकत्र आले, नदीतली वाळू उपसून कंत्राटदार गब्बर होतात हे बघून त्यांनी वाळूचा हक्क स्वतःकडे मागितला, आणि तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी धरण बांधलं. पाणी घरटी सारखं, ज्याला जमीन नाही त्यालाही. ते ऐकून तुम्ही म्हणाला होतात की याला म्हणतात न्याय. तोच न्याय उंबऱ्याच्या आत आला की अवघड का व्हावा?

कायद्याचंही सांगते, म्हणजे वकिलांशी बोलताना गोंधळ नको. मुलीला वाटा मिळावा हे हिंदू कोड बिलात होतं. ते बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. १९५६ चा वारसा कायदा झाला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा हक्क मुलांनाच राहिला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने तो मुलींना दिला, मात्र आधीच लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर, लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना मिळाला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. इतक्या लोकांनी इतकी वर्षं झगडून जे मिळवलं, ते एका सकाळी सही करून परत देऊन टाकायचं, याला माझा हात धजत नाही.

लग्नात तुला दिलं की, असं आई म्हणेल. दिलंत, मी विसरले नाही. मांडव दादाच्या लग्नातही पडला होता, जेवणावळी तेव्हाही उठल्या. त्याच्यापुढे कोणी हक्कसोडपत्र ठेवलं नाही. आणि माहेर तुटेल ही भीती आई, तू मनातून काढून टाक. दादाची नि माझी माया सातबाऱ्याच्या बाहेरची आहे. मी भाऊबीजेला येणारच, वहिनीच्या हातचं खाणारच, त्याला पैशांची अडचण आली तर पहिला फोन मलाच येईल. जी बहीण सही देते तीच चांगली, ही समजूत तेवढी आपण आपल्या घरापुरती मोडू.

माझ्या वाट्याची मला घाई नाही. आईचं नाव मात्र आता लागलं पाहिजे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या बायकांच्या नावावर जमिनी केल्या. १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढतं. बाबा, हे तुमच्या हातात आहे, त्याला दादाची की माझी सही लागत नाही. डेअरीचं खातंही आईच्या नावाने उघडून घेऊ. ती नको-नको म्हणेल, तिचं ऐकू नका.

हे पत्र दादाला वाचायला द्या. वकिलांना मी कळवते, त्यांच्यापुढे त्याला अवघडल्यासारखं व्हायला नको.

मी रविवारी सकाळच्या एसटीने येते. सोमवारी तलाठी ऑफिसला जायचं म्हणून रजा टाकली आहे. सातबारा आणि आठ-अ चे ताजे उतारे दादाला काढून आणायला सांगा, आणि आईचं आधार कार्ड व दोन फोटो शोधून ठेवा. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
वैशाली