मद्रासच्या जन्मकथेतील विणकर

महोदय,

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, इंग्रजांनी ओसाड वाळूवर वसवले असे सर्रास लिहिले जाते. १६३९ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने स्थानिक सत्ताधीश दामर्ल वेंकटाद्री नायकाकडून किनाऱ्यावरील जमिनीची सनद मिळवली आणि पुढे तेथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला, हे खरेच. परंतु जवळचे मैलापूर आणि तिरुवल्लिकेणी त्याहून कितीतरी जुनी आहेत, आणि मैलापूरलगतच्या सान थोमे येथे पोर्तुगीज शंभर वर्षे आधीच आले होते.

त्या किनाऱ्याला नैसर्गिक बंदरही नव्हते. जहाजे खोल पाण्यात नांगरून, शिवलेल्या फळ्यांच्या होड्यांतून उसळत्या लाटांवरून माल किनाऱ्याला आणावा लागे. इतकी गैरसोय कंपनीने पत्करली ती मुख्यतः आसपास स्वस्त मिळणाऱ्या सुती कापडासाठी, आणि म्हणूनच किल्ल्याबाहेर विणकर व रंगारी यांना वसण्यास प्रोत्साहन देण्यात आले. १७३४ च्या सुमारास तर चिंताद्रिपेट ही वस्ती खास विणकरांसाठीच स्थापन झाली. शहराच्या पूर्व भागातील मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आम्हा सोलापूरकरांना या इतिहासात गव्हर्नरांची नावे तेवढी ठळक आणि विणकर मात्र तळटीपेत दिसावेत, हे खटकते.

– एक वाचक, सोलापूर