पाऊस चांगला सांगितलाय, म्हणूनच आत्ता हालचाल हवी: सोसायटी अध्यक्षांना पत्र

दिनांक: २० मे २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, लातूर

विषय: वाढती पाणीटंचाई, पावसाचा अंदाज आणि तिसऱ्या बोअरचा प्रस्ताव

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फलकावर लावलेली समितीची सूचना वाचली. मागचा बोअर आटला आहे आणि पुढचाही थोड्या वेळात हवा ओढू लागतो, म्हणून टँकर वाढवणार. आठशे फुटांचा तिसरा बोअर घेण्याचा विचार आहे. आणि यंदा पाऊस चांगला सांगितला असल्यामुळे सभासदांनी महिनाभर कळ काढावी, असं तिच्यात म्हटलं आहे. समितीची धावपळ आम्हाला दिसते. अपरात्री टँकर आला की व्हॉल्व्हपाशी सचिवच उभे असतात. टँकरबद्दल माझी तक्रार नाही, सध्या दुसरा इलाजही नाही. पण तिसरा बोअर आणि 'महिनाभर कळ' या दोन्ही गोष्टी मला पटलेल्या नाहीत. सभेच्या गडबडीत हे नीट मांडता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी पावसाचं बोलू. भारतीय हवामान विभागाने एप्रिलच्या मध्यात पहिला अंदाज दिला, तो दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्क्यांचा. ही सरासरी ८७ सेंटिमीटरची, पण साऱ्या देशाची, जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांची. लातूरला जूनमध्ये किती पडेल, हे त्या आकड्यात कुठेच नाही. शिवाय अंदाजात ५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा धरलेली असते. पाच दिवसांपूर्वी मान्सून ३१ मेच्या सुमारास केरळात पोहोचेल असं सांगण्यात आलं, तेही ४ दिवस अलीकडे-पलीकडे धरून. सगळं सुरळीत झालं तरी आपल्याकडे यायला त्याला जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. आणि आला म्हणजे लगेच पडतोच असं नाही, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

यंदाच्या अंदाजामागचं कारणही पाहण्यासारखं आहे. गेल्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं; अशा वर्षी आपल्याकडे पाऊस बहुधा कमी होतो. जूनमध्ये मान्सून उशिरा आला, आणि ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगामअखेर देशाची सरासरी ९४ टक्क्यांवर थांबली. आता एल निनो ओसरतो आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ला निना, म्हणजे तेच पाणी थंड होऊन पावसाला अनुकूल ठरणारी स्थिती, येईल अशी अपेक्षा आहे. उत्तरार्ध म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. ज्या कारणाच्या भरवशावर आपण महिनाभर कळ काढायची म्हणतो, ते कारणच तीन महिन्यांनी उगवणार आहे. त्यातही एल निनो-ला निनाचं गणित पक्कं नसतं. १९९७ साली एल निनो फार तीव्र होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २०१५ मध्ये तो पुन्हा तीव्र होता आणि पाऊस ८६ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आपण काय पाहिलं, ते या इमारतीतल्या जुन्या सभासदांना आठवतच असेल.

आपल्यातली बरीच कुटुंबं त्यानंतर इथे राहायला आली आहेत, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. भांडणं होऊ नयेत म्हणून. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० टाक्यांत ५ लाख लिटर घेऊन. पुढे ५० टाक्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. ती गाडी जून उलटल्यावरही सुरू होती, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. २०१६ चा पावसाळा सुरू झाला तरी शहराला रेल्वेचं पाणी लागत होतं. धरणात पाणी साठलं ते सप्टेंबरअखेरच्या धुवाधार पावसाने.

मी शाळेत भूगोल शिकवला आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. जूनचा पाऊस आधी जमीन पिते. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळलेली असते, पहिल्या सरी त्या भेगांतच जिरतात. माती तृप्त झाली की मग पाणी खाली मुरमात उतरतं आणि ओढ्याला वाहतं. विहिरींचं पाणी वर येऊ लागतं ते साधारण ऑगस्टात. मांजरावरचं धरण तर पाणलोटात सलग मोठा पाऊस झाल्याशिवाय भरत नाही, आणि तसा पाऊस आपल्याकडे बहुतेक वेळा सप्टेंबरातच येतो. तेव्हा आपल्याला तरायचं आहे ते १० जूनपर्यंत नव्हे, सप्टेंबरपर्यंत. टँकरचा करार, पाण्याच्या वेळा, वर्गणी, सगळं या हिशेबाने ठरवावं अशी माझी पहिली विनंती आहे.

आजूबाजूला पाहिलं तर मदत कुठून येणार तेही दिसत नाही. शासनाने गेल्या ऑक्टोबरअखेर ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्या शेजारचा रेणापूर तालुका आहे. उजनीहून लातूरला पाणी आणण्याची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत, आणि यंदा उजनी धरणाचाच जिवंत, म्हणजे वापरता येणारा साठा जानेवारीत संपून पातळी उण्यात गेली. निवडणुकीच्या धामधुमीत दुष्काळाच्या बातम्या आतल्या पानावर गेल्या आहेत, एवढंच. ४ जूनला निकाल लागेपर्यंत त्या तिथेच राहतील असं दिसतं.

आता तिसऱ्या बोअरबद्दल. याला माझा स्पष्ट विरोध आहे.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून तो तयार झाला. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते राहतं वरच्या झिजलेल्या मुरमात, फटींत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. खाली कुठे तरी हौद भरलेला आहे आणि आपली नळी तिथवर पोहोचली की झालं, असं इथे नसतं. आठशे फुटांवर एखादी फट लागलीच, तर काही आठवडे जोरात पाणी येईल. ते बहुधा फार जुनं पाणी असेल, एका पावसाळ्यात भरून न निघणारं. आणि फट लागली नाही तर खर्च आणि धूळ. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर धरलं आहे आणि शेती-उद्योगासाठी अशा नव्या विहिरींना मनाईची तरतूद आहे. आपला बोअर घरगुती वापराचा, म्हणून तो त्यातून सुटेलही. पण ज्या खोलीवर शेतकऱ्याला मज्जाव आहे, तिच्या चौपट आपण जायचं, तेही गाड्या धुतल्या जातात त्या इमारतीसाठी, हे मला बरं वाटत नाही. पलीकडच्या चाळीतल्या हातपंपावर अजून बायका घागरी भरतात. खोल बोअर सुरू झाला की सर्वांत आधी तो हातपंप आटण्याची भीती आहे.

तोच पैसा आटलेल्या बोअरच्या पुनर्भरणावर, म्हणजे पावसाचं पाणी त्यातून पुन्हा जमिनीत सोडण्यावर घालावा. गच्चीची मापं मी सचिवांकडून घेतली. क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस मीटर. हंगामात ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया जातो असं मानलं, तरी ३ लाख ३६ हजार लिटर पाणी उतरतं. आज ते पन्हळीतून थेट रस्त्याच्या गटारात जातं. १० हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर हे ३३ टँकर झाले. यातून आपलं वर्ष भागणार नाही, हेही सांगते. आपण ४० सदनिकांत साधारण १६० माणसं आहोत. माणशी १३५ लिटरच्या शासकीय मापदंडाने रोज २१,६०० लिटर लागतात. म्हणजे गच्चीचं सगळं पाणी मिळून जेमतेम पंधरा दिवसांचं. तरीही ते जमिनीत गेलं पाहिजे, कारण जमिनीतून उपसणारे आपणच आहोत.

काम अवघड नाही. बोअरभोवती खड्डा घ्यायचा, केसिंगला, म्हणजे बोअरमधल्या पाइपला, छिद्रं पाडून वर जाळी गुंडाळायची, मग मोठे दगड, खडी आणि वाळू असे थर भरायचे. गच्चीची नळी त्यात सोडायची आणि पहिल्या एक-दोन पावसांचं मळकं पाणी बाहेर काढून देण्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह ठेवायचा. पार्किंगचं तेलकट पाणी किंवा चेंबरचा कुठलाही पाझर चुकूनही तिथे जाता कामा नये. एकदा खालचं पाणी नासलं की ते आपल्या हयातीत नीट होत नाही. कामाआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावं. त्यांच्याकडे निरीक्षण विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात, आपल्या परिसरात पाणी किती खाली गेलं आहे ते तिथून कळेल. हे सगळं पहिल्या मोठ्या पावसाआधी व्हायला हवं. पाऊस खरोखर १०६ टक्के झाला आणि आपला खड्डा तयार नसला, तर तो अंदाज आपल्या काय कामाचा?

बचतीबद्दल समितीने अजून काही म्हटलेलं नाही. खरं तर गच्चीपेक्षा जास्त पाणी तिथे आहे. माणशी १३५ ऐवजी ९० लिटरवर आपण आलो तर रोज ७,२०० लिटर वाचतील. दीड दिवसाला एक टँकर कमी. नव्वद लिटरमध्ये अंघोळ, धुणं, भांडी, स्वयंपाक सगळं होतं, मात्र शॉवर आणि वाहता नळ बंद ठेवावा लागतो. आरओ यंत्रं शुद्ध होतं त्याहून जास्त पाणी फेकतात. ते बादलीत धरून फरशीला आणि संडासाला वापरता येतं. आणि एका सवयीबद्दल लिहायलाच हवं. आपल्याकडे नळाला ताजं पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून मोरीत ओततात. टँकरच्या दिवशी सकाळी जिन्यातून जाताना तो आवाज घराघरांतून येतो. पाणी झाकून ठेवलं असेल तर ते धुण्याला, फरशीला सहज चालतं. भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करावीत हे डेंग्यूच्या डासांसाठी बरोबरच आहे, पण कोरडं करणं म्हणजे ओतून देणं नव्हे, वापरून संपवणं. समितीने हे सूचनेत लिहावं. शेजारणीने सांगितलं तर रुसवे होतात.

पाणी ठरावीक वेळेलाच सोडण्यालाही माझा पाठिंबा आहे, फक्त सकाळची वेळ साडेपाचच्या आधी नको. वरच्या मजल्यांवर एकटे राहणारे वृद्ध आहेत, त्यांच्यापर्यंत दाब पोहोचायच्या आत खालच्यांची पिंपं भरलेली असतात. उलट क्रमाने सोडून पाहावं. टाकीची पातळी रोज ग्रुपवर टाकावी, म्हणजे अफवा आणि साठेबाजी दोन्ही कमी होतील. आदर्श उपविधींप्रमाणे आपण पाणीपट्टी सदनिकेतल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर घेतो, वापरावर नाही. मीटरचा विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घ्यावा; आत्ता त्यात शक्ती घालवू नये.

टँकरच्या पाण्याची मात्र काळजी वाटते. ते कोणत्या विहिरीतून भरलं जातं, याची नोंद ठेवावी. प्रत्येक टँकर टाकीत उतरल्यावर क्लोरीन घालून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, हे रंगावरून दाखवणारी चाचणी) करावी आणि रंग दिसल्याशिवाय पाणी वर चढवू नये. आपल्या इमारतीत तान्ही बाळं आहेत. पोटाचे विकार पसरले तर दवाखान्याचा खर्च टँकरहून जड जाईल.

वॉचमनच्या खोलीचा नळ टंचाईत बंद ठेवल्याचं कळलं. ते कुटुंब तीन माणसांचं आहे. त्यांना खालच्या टाकीतून घागर भरायला सांगणं, तेही कुणी पाहत नसताना, हे आपल्याला शोभत नाही. तो नळ उद्याच्या उद्या सुरू करावा. घरकामाला येणाऱ्या मावशींना जाताना एखादी कळशी न्यायची असेल तर ती कोणी अडवू नये, असंही मला वाटतं. त्यांच्या वस्तीत टँकर आपल्यापेक्षा उशिरा पोहोचतो.

१९७२ च्या दुष्काळात माझे आईवडील खडी फोडायच्या कामावर होते. तेव्हा धान्य नव्हतं पण विहिरींना पाणी होतं, असं ते नेहमी सांगत. आज आपल्या घरात डबे भरलेले आहेत आणि बोअर कोरडे आहेत. पन्नास वर्षांत जमिनीखालून आपण किती उपसलं, ते यावरून कळतं. म्हणूनच आणखी खोल जाण्याला मी इतका विरोध करते आहे.

तरी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते, म्हणजे उद्या नोटीस काढली तर मे संपायच्या आत सभा होऊ शकते. तोवर हवामान विभागाचा सुधारित अंदाजही बहुधा हाती असेल. त्यापुढे दर गुरुवारी येणारा पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज पाहून टँकरची मागणी ठरवता येईल. हे काम मी आनंदाने करीन आणि फलकावर लावीन. सभेपर्यंत बोअरवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये. पुनर्भरणाच्या खर्चासाठी वर्गणी लागली तर माझा हिस्सा मी सभेच्या दिवशीच जमा करीन. ब विंगमधल्या ज्या सभासदांनी हे पत्र वाचून संमती दिली, त्यांच्या सह्या मागच्या पानावर आहेत.

आपली नम्र,
ब विंगमधील एक सभासद

सोबत: गच्ची आणि पन्हळींच्या मापांचा कागद, सह्यांचं पान