चित्र पूर्ण छापायला हवे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील इंग्लंडच्या क्लिफर्ड घराण्यावरचा लेख वाचला. उमरावांच्या वंशावळी आणि व्यक्तिचित्रे म्हणजे निव्वळ खानदानी मिरवामिरव, असे लेखकाचे म्हणणे. पुष्कळ घराण्यांबाबत ते खरेही असेल. पण सोबत जे चित्र दिले आहे, त्याला हे लागू पडत नाही. शिवाय तीन भागांच्या त्या चित्राचा तुम्ही मधलाच भाग छापलात. चित्र करवून घेणारी लेडी अ‍ॅन क्लिफर्ड आहे डाव्या-उजव्या भागांत, म्हणजे नेमकी तीच कापली गेली!

हे चित्र म्हणजे रंगवलेला दावा आहे. अ‍ॅनचे वडील जॉर्ज, कंबरलंडचे तिसरे अर्ल (म्हणजे बडे उमराव), १६०५ मध्ये वारले. मुलगे लहानपणीच गेले होते. तरी जहागीर त्यांनी भावाच्या नावे केली आणि मुलीला १५,००० पौंड ठेवले. दुसऱ्या एडवर्ड राजाच्या काळापासूनचा दंडक मात्र असा, की जमीन औरस संततीला जावी, मग मुलगा असो की मुलगी. आई मार्गारेटने जुनी दप्तरे धुंडाळून पुरावे गोळा करवले. त्यांतूनच पुढे अ‍ॅनने घराण्याच्या इतिहासाचे जाडजूड ग्रंथ तयार करून घेतले. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात वंशावळ आणि करीना (हक्काची लेखी हकीकत) गोतसभेपुढे, म्हणजे निवाडा करणाऱ्या गावसभेपुढे, ठेवत, तसेच हे. १६१७ मध्ये पहिल्या जेम्स राजाने निवाडा तिच्याविरुद्ध दिला. नवऱ्याचा दबाव असूनही तिने तो मान्य केला नाही. अखेर १६४३ मध्ये चुलतभाऊ मुलगा मागे न ठेवता वारला आणि जहागीर तिच्याकडे आली.

१६४६ चे हे चित्र चित्रकार यान व्हान बेल्कॅम्पच्या नावावर सांगतात. डावीकडे अ‍ॅन पंधरा वर्षांची, म्हणजे वारसा हुकला त्या वयाची. उजवीकडे छप्पन्न वर्षांची, मागे भिंतीवर दोन्ही नवऱ्यांच्या तसबिरी. मध्ये आईवडील आणि दोन भाऊ. ही माणसे तेव्हा हयात नव्हती, जुन्या तसबिरींवरून उतरवलेली आहेत. कडेला ढाली आणि बारीक अक्षरांत पिढ्यांची माहिती. हे काय दिवाणखान्याच्या शोभेसाठी?

विल्टन हाउस या पेम्ब्रोक घराण्याच्या वाड्यातल्या, चित्रकार व्हॅन डाइकच्या भव्य कुटुंबचित्राचे कौतुक लेखात आहे. त्यातही अ‍ॅन आहे, दुसरा नवरा पेम्ब्रोकचा अर्ल याच्या शेजारी, काळ्या पोशाखात. पण चित्रातली त्याची सगळी मुले पहिल्या बायकोची. हे सांगितले असते तर दोन चित्रांतला फरक वाचकांना आपोआप कळला असता.

एक गोष्ट लेखात सुटली, तिचे नवल वाटले. ३१ डिसेंबर १६०० च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेत पहिले नाव याच जॉर्ज क्लिफर्डचे आहे. त्याचे लढाऊ जहाज कंपनीने विकत घेऊन जहाजाचे नाव 'रेड ड्रॅगन' ठेवले, आणि १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात ते पोर्तुगीजांशी लढले. समुद्रावरच्या अशाच मोहिमांपायी अर्लसाहेब कर्जात बुडाले होते. या जहाजावर कुणी जाणकाराने स्वतंत्र लिहिले, तर जरूर छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा