कसाऱ्याचा उतार

पिंपळगाव बसवंत

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास, ट्रक घेऊन कसारा घाट उतरताना मागच्या गाड्या सारख्या हॉर्न मारत होत्या, एकाने बाजूने जाताना शिवी हासडली आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तू तिसऱ्या गियरमध्ये हळू उतरलास ते अगदी बरोबर केलंस. मला त्याचा अभिमान वाटतो.

मी तुझ्याएवढा असताना तसं केलं नव्हतं. कांद्याने भरलेली सहा टायरी गाडी, पहाटेची वेळ, ज्यांच्या हाताखाली शिकत होतो ते उस्ताद शेजारी डुलक्या घेत होते. न्यूट्रलमध्ये सोडली की डिझेल वाचतं असं ढाब्यावर ऐकलेलं, म्हणून उताराला गियर काढला. दोन वळणं मजेत गेली. तिसऱ्याला ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. ब्रेक दाबत होतो, पण पकडच नव्हती. गियर टाकायला गेलो तर नुसती खरखर. उस्तादांनी झोपेतून उठून स्टेअरिंग ओढलं आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीत चाकं घातली. गाडी घासत घासत थांबली. किन्नर, म्हणजे आमचा क्लीनर, पाण्याचा कॅन घेऊन पळाला, तर उस्ताद ओरडले, "पाणी नको! ब्रेकचा ड्रम तडकेल." दीड तास आम्ही दगडावर बसून होतो. माझे हात थांबत नव्हते.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. ड्रम गार झाले, गाडी गटारीतून निघाली, तशी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल, उरलेला घाट तूच उतरव." ज्या गियरमध्ये चढला असतास त्याच गियरमध्ये उतरायचं, हे त्या दिवशी त्यांनी शेजारी बसून शिकवलं. कल्याण फाट्यापर्यंत मी घामाने भिजलो होतो, पण गाडी माझ्या हातात होती. मी ड्रायव्हर झालो तो तिथं, लायसन्स त्याआधीच मिळालं होतं.

आता तुझ्या गाडीचं इंजिन नवं आहे. गियरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की त्यात डिझेल जातच नाही. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राहायला ते लागतंच. म्हणजे जे वाचवायला पोरं जीव धोक्यात घालतात, ते वाचतही नाही. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झाले, तुला माहीत आहे. तिथून जाशील तेव्हा बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच खालचा गियर टाक आणि इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लाव.

सकाळी मीटरवर ब्रेकची हवा पुरती भरल्याशिवाय गाडी हलवू नकोस. रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून मागे बघ, किन्नर असला तरी बघ. भिवंडीत डाव्या दाराखाली दुचाकी कधी येऊन थांबते ते आरशात दिसत नाही.

झोपेचं मात्र जास्त सांगतो, कारण तिथं तू ऐकत नाहीस. दिवसाला ८ तासच काम आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विसावा, हे १९६१ च्या कायद्यातच सांगितलं होतं. शेठचे फोन येतीलच. डोळा जड झाला की गाडी बाजूला घे, चाकाला दगड लाव आणि झोप. दहा टायरीला माल धरून २८.५ टनांची मर्यादा आहे, त्यावर चार पोती भर म्हणाले तरी नाही म्हण. खेप गेली तर जाऊ दे. घरात दोन भाकऱ्या कमी पडणार नाहीत.

आई विचारते, डबा वेळेवर खातोस का.

पुढची खेप इथूनच भरणार असशील तर आदल्या दिवशी कळव. कसारा उतरेपर्यंत मी शेजारी बसून येईन. काही बोलणार नाही.

तुझे,
अण्णा