श्लोक गाऊ नका, आधी बोला

मा. संपादक, स.न.वि.वि.

राज्य नाट्य स्पर्धेतली संस्कृत नाटकं आवर्जून बघतो, पोरं मेहनत घेतात यात वादच नाही पण गद्य संवाद झकास बोलणारा नट श्लोक आला की एकदम ताठ होतो आणि शाळेतल्या पाठांतराच्या चालीत गायला लागतो, कारण वृत्त चुकेल ही धास्ती. कालिदासाच्या शाकुंतलच्या चौथ्या अंकातलं, शकुंतलेला मुलीसारखं वाढवणाऱ्या कण्वांचं 'यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं संस्पृष्टमुत्कण्ठया' घ्या. मुलगी आज सासरी निघाली म्हणून बापाचा जीव कासावीस झालाय, आणि आमचे कण्व सुरात रमलेले! शार्दूलविक्रीडित वृत्त आहे, ओळीत १९ अक्षरं, १२व्यावर यती (थांबा), म्हणजे 'हृदयं'ला थांबायची सोय कवीनेच करून ठेवलीय, तिथे श्वास घ्या ना.

माझं म्हणणं एवढंच की तालमीत आधी अन्वय लावून (शब्द गद्याच्या क्रमाने मांडून) तो श्लोक साध्या मराठीत समोरच्याला सांगायला लावा, मग संस्कृतात पण बिनचालीचा, लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ उच्चार) सांभाळून. जीभ मोकळी झाली की भीती निम्मी जाते. (चाल नंतर लावा, हौस असेल तर.) सांस्कृतिक कार्य संचालनालयाने स्पर्धेआधी अशी एक दिवसाची कार्यशाळा ठेवली तर फार बरं होईल, नाहीतर निदान परीक्षकांनी नाटकानंतर पोरांशी यावर दहा मिनिटं तरी बोलावं.

– एक प्रेक्षक, सांगली