नवव्या पायरीची घाई नको

जळगाव-धुळ्याकडे दारू सोडवणाऱ्या बैठका लोकांना ठाऊक आहेत. त्या बैठकांतल्याच बारा पायऱ्या, म्हणजे व्यसन सोडण्याचे क्रमाने करायचे टप्पे, लैंगिक व्यसनासाठीही १९७० च्या दशकापासून अमेरिकेत वापरल्या जातात, हे मात्र चारचौघांत कोणी बोलत नाही. काही गटांत ‘संयम’ म्हणजे ब्रह्मचर्य नव्हे. नेमके कोणते वर्तन बंद, ते अनुभवी सोबत्याबरोबर बसून कागदावर ठरवतात. गाडी अडते चौथ्या पायरीवर. तिथला स्वतःच्या वागण्याचा लेखी हिशेब नको वाटतो, मग गडी थेट नववी, म्हणजे दुखावलेल्यांची भरपाई करण्याची पायरी, गाठून बायकोपुढे सगळे ओकून मोकळा होतो. (मोकळा तोच, ती नाही!) भरपाईने समोरच्याला इजा होणार असेल तर करू नका, असे ती पायरीच सांगते. आधी सोबत्याला विचारा. सोबत मानसोपचारतज्ज्ञही हवा.

– एक समुपदेशक, भुसावळ